बिनतारी माऊसचा तहनामा

चंडीगडच्या नकाशावर बोट ठेवून सेक्टरांचे आकडे चढत्या क्रमाने मोजीत दक्षिणेकडे सरकत गेले, की पन्नाशी ओलांडल्यावर कोठेतरी राज्य बदलते. आकडे मात्र बदलत नाहीत. सेक्टर 67 हा त्या सरहद्दीपलीकडचा. महसुलाच्या दफ्तरी तो पंजाब राज्यातील साहिबजादा अजितसिंहनगर जिल्ह्यात मोडतो, बोलण्यात त्याला मोहाली म्हणतात, आणि दूरगावाहून पार्सल पाठवणारा माणूस त्याच्यापुढे निःशंकपणे चंडीगड असे लिहून मोकळा होतो. 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंडीगड केंद्राच्या अंमलाखाली गेले. 1975 साली त्याला लागूनच पंजाबने हे नवे नगर रीतसर वसवले, आणि वसवताना ल कॉर्ब्युझिएच्या नगरात रुजलेली सेक्टरांची गणतीच पुढे चालू ठेवली. हद्दी दोन, सरकारे दोन, करवसुलीची खाती दोन. परंतु पत्ता शोधण्याची रीत एक, आणि ती उभय पक्षांनी निमूटपणे मान्य केलेली असल्यामुळे टपालवाल्याला कोणत्या सरकारच्या रस्त्यावर आपण चाललो आहोत याची फिकीर करावी लागत नाही.

या सेक्टरात राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था आहे, जिला 1998 च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. आसपासच्या टोलेजंग इमारतींतून आणि एससीओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, खाली दुकान व वर कचेरी अशा गाळ्यांतून संगणकाचे काम करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आहेत. रेणूंच्या रचनेचे गणित करणारा संशोधक लिनक्सवर बसलेला, मापनयंत्राला जोडलेला जुना संगणक विंडोजशिवाय दुसरे काही न ओळखणारा, आणि पुस्तिकेची मांडणी करणारा चित्रकार मॅकिंटॉशचा अभिमानी, असे चित्र अशा संस्थांतून सर्रास दिसते. तेथे सव्वाशे ग्रॅमदेखील वजन नसलेला एक बिनतारी माऊस या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि बहुधा कोणतीही कैफियत न मांडता चालू लागतो. तो चालू लागतो ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे, की ती घडवून आणण्यासाठी तीस-चाळीस वर्षे किती मुत्सद्देगिरी खर्ची पडली याचे स्मरण कोणाला उरलेले नाही. माझ्या मते माऊसच्या इतिहासात यंत्राच्या सुधारणेपेक्षा तहाची कलमे अधिक महत्त्वाची ठरतात, आणि जेथे तह अपुरा राहिला तेथेच आजही माणूस अडतो.

माऊसचा जन्म कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत झाला. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांचे हात, यांतून 1964 च्या सुमारास लाकडी खोक्याखाली परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके असलेले ते पहिले साधन तयार झाले. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टांनी ते सभेपुढे चालवून दाखवले, आणि त्याचे पेटंट 17 नोव्हेंबर 1970 रोजी मंजूर झाले. त्याच 1968 साली जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीने चाकांऐवजी गोळी वापरणारे तसेच साधन स्वतंत्रपणे बाजारात आणले होते, हे विसरता कामा नये. पुढे झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात 1973 च्या आल्टो या संगणकाबरोबर माऊस नांदू लागला, आणि 1984 च्या मॅकिंटॉशने त्याला सामान्य माणसाच्या हाती दिले. हा प्रवास पुष्कळांनी सांगितलेला आहे. त्यात एक गोष्ट मात्र बहुधा सुटते, ती अशी, की यातील प्रत्येक माऊस फक्त स्वतःच्या धन्याची भाषा बोलत होता. आल्टोचा माऊस मॅकिंटॉशला जोडता येत नव्हता, आणि मॅकिंटॉशचा आयबीएमच्या संगणकाला. संगणकही यंत्र आणि माऊसही यंत्र; त्यांच्यामध्ये बोलीचा असा काही सामायिक करार नव्हता.

याच काळात मोहालीत काय चालले होते हे पाहण्यासारखे आहे. सेक्टर 67 पासून काही अंतरावर, सेक्टर 72 मध्ये, केंद्र सरकारने सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड हा अर्धवाहक चकत्यांचा कारखाना उभारला आणि 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे पाच मायक्रॉन तंत्राने चिप तयार होऊ लागल्या. शाळांतून संगणकसाक्षरता पसरवण्याची जी 'क्लास' नावाची योजना 1984-85 मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो या संगणकाचा देशी अवतार याच संस्थेने 'युनिकॉर्न' या नावाने बनवला. त्या संगणकावर बसलेल्या विद्यार्थ्यापुढे कळफलक होता आणि पडद्यावर लुकलुकणारी एक खूण होती; माऊस नव्हता. महाराष्ट्रातील ज्या शाळांत ही योजना आली, तेथील पिढीने संगणक पाहिला तो उंदराविनाच. 1989 च्या फेब्रुवारीत या कारखान्याला भीषण आग लागून तो भस्मसात झाला, आणि चिप बनवण्याच्या व्यवसायात भारताला जी वर्षे गमवावी लागली त्यांचा हिशेब अद्यापि चुकता झालेला नाही. मोहालीविषयी लिहिताना ही घटना ओलांडून पुढे जाणे मला जमत नाही. कारण आज आपण ज्या माऊसच्या पोटातील चिप परदेशाहून आणतो, तसल्या चिप बनवण्याची उमेद एके काळी या सेक्टरांत होती.

आयबीएमच्या संगणकाला जोडायच्या माऊसांची अवस्था त्या दशकात अगदीच विस्कळित होती. संगणकाच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचे एक तोंड असे, त्यात माऊसची शेपटी खुपसून दोन बाजूंचे स्क्रू पिळायचे आणि मग चालक-प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, फ्लॉपीवरून स्मृतीत चढवायचा. मायक्रोसॉफ्टने 1983 साली काढलेला माऊस हालचालीची प्रत्येक वर्दी तीन बाइटांत देई. माऊस सिस्टिम्स या कंपनीचा माऊस तीच वर्दी पाच बाइटांत देई. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लावला, की पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसे किंवा पिसाळल्यासारखा उड्या मारी. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ स्वस्त माऊसांच्या पोटाखाली नखाने सरकवता येईल असे एक चिमुकले बटण बसवलेले असे. त्याच्या एका टोकाला 'एमएस' आणि दुसऱ्या टोकाला 'पीसी' अशी अक्षरे कोरलेली असत, आणि आपण कोणत्या कंपनीची बोली बोलावी हे माऊसला त्या बटणावरून कळे. मायक्रोसॉफ्टच्या घराण्यातील माऊस संगणकाने जागे करताच 'एम' हे एकच अक्षर पाठवून आपली ओळख देई. हा एका अक्षराचा परिचय म्हणजे पुढच्या सर्व तहनाम्याचे बीज होय, असे मला वाटते. कारण यंत्राने स्वतः होऊन आपण कोण हे सांगावे, ही कल्पना त्यात प्रथम दिसते.

1987 साली आयबीएमने पीएस/2 मालिकेच्या संगणकांबरोबर माऊससाठी वाटोळे तोंड आणले. पुढे माऊसचे तोंड हिरवे आणि कळफलकाचे जांभळे असा संकेत रूढ झाला, आणि आपल्याकडच्या संगणकवर्गांत जुळणी करणाऱ्या मुलांचे काम सोपे झाले. मात्र संगणक चालू असताना ती शेपटी काढली वा लावली, तर माऊस पुन्हा जागा होईल याची शाश्वती नसे. ॲपलने 1986 पासून आपली स्वतंत्र एडीबी वाहिनी ठेवली होती. म्हणजे बोलीचाच नव्हे, तर तोंडाच्या आकाराचाही प्रश्न होता. आणि ज्याच्या कचेरीत दोन्ही जातींचे संगणक असत त्याला दोन्ही जातींचे माऊस पाळावे लागत.

अशी कचेरी महाराष्ट्रात विरळा नव्हती. 1990 च्या दशकात पुण्या-मुंबईच्या मुद्रणव्यवसायात खिळे जाऊन डीटीपी आले, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आणि जाहिरातसंस्थांनी मॅकिंटॉश घेतले, तर गल्लीबोळांतील जुळणी करणाऱ्यांनी विंडोजवर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी बसवली. मॅकच्या माऊसला एकच बटण, विंडोजच्या माऊसला दोन. दिवसभर एका ठिकाणी काम करून रात्री दुसऱ्या ठिकाणी जादा काम करणाऱ्या ऑपरेटरच्या उजव्या हाताला दोन सवयी सांभाळाव्या लागत. एकीकडे राइट क्लिक, दुसरीकडे कंट्रोलची कळ दाबून साधा क्लिक. या मंडळींच्या पडद्यावर जे मांडणीचे साधन असे, ते पुष्कळदा क्वार्क एक्सप्रेस. 1987 साली मॅकसाठी आणि 1992 साली विंडोजसाठी निघालेल्या या आज्ञावलीच्या कंपनीने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपले विकासकेंद्र थाटले ते मोहालीतच, आणि पुढच्या आवृत्त्यांच्या कामाचा मोठा वाटा तेथे उचलला गेला. एकच पान दोन्ही प्रणालींवर तंतोतंत तसेच दिसावे, एकच आज्ञा दोन्हीकडे त्याच बटणाखाली सापडावी, या खटाटोपात मोहालीच्या अभियंत्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. मराठी दिवाळी अंकाची पाने लावणाऱ्या हाताचा आणि सेक्टरांच्या या नगराचा संबंध असा जुना आहे, आणि तो नोंदला जाणे मला अगत्याचे वाटते.

या सर्व विसंवादावर जो तह झाला त्याचे नाव यूएसबी. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या 1994 पासून एकत्र बसल्या आणि जानेवारी 1996 मध्ये त्याची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. इंटेलमध्ये या कामाचे धुरीणत्व ज्यांच्याकडे होते ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. बडोद्याचे नाव निघाले की मराठी माणसाला थांबावेच लागते. 1890 साली सयाजीराव गायकवाडांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, कारागिरांच्या मुलांना देशी भाषांतून यंत्रविद्या शिकवावी असा त्यामागे हेतू होता, आणि त्याच कलाभवनातून पुढे त्या विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. एका मराठी संस्थानिकाने शतकापूर्वी लावलेल्या झाडाच्या सावलीत शिकलेल्या माणसाने जगातल्या यच्चयावत संगणकांना एक तोंड दिले, ही वस्तुस्थिती आहे. तिच्यात माझ्या भावनेने काही भर घातलेली नाही. इंटेलने या संहितेवर स्वामित्वशुल्क आकारले नाही, याचेही मोल फार मोठे. सनद फुकट वाटली गेली म्हणून ती सर्वांनी घेतली.

तोंडाचा आकार एक झाला, तरी बोलीचा प्रश्न शिल्लकच राहिला असता. तो एचआयडी, म्हणजे ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, या पोटकराराने सोडवला, आणि माऊसच्या इतिहासातील सर्वांत देखणे कलम ते हेच. माऊस संगणकाला जोडला की संगणक त्याची विचारपूस करतो, आणि माऊस एक छोटीशी कैफियत सादर करतो: मी निर्देश करणारे साधन आहे, मला तीन बटणे आहेत, आडव्या हालचालीसाठी मी इतके अंक देईन, उभ्या हालचालीसाठी इतके, आणि चाक असेल तर त्याचा अंक अमुक जागी सापडेल. ही कैफियत पन्नास-साठ बाइटांची. एखाद्या पोस्टकार्डावरील मजकुरापेक्षाही तोकडी. तिच्यात कंपनीची बढाई नसते आणि कार्यप्रणालीचे नाव तर नसतेच. वाचणारा विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, याची माऊसला खबर नसते. शिवाय, कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीच्या काळासाठी तीनच बाइटांची एक आदिम बोली राखून ठेवलेली आहे: पहिला बटणांचा, दुसरा आडव्या सरकण्याचा, तिसरा उभ्या सरकण्याचा. 1983 च्या माऊसचे तीन बाइट आणि हे तीन बाइट एकच नव्हेत, तरी त्यांचे कूळ जुळते. 1998 साली ॲपलने आयमॅकवर एडीबी टाकून केवळ यूएसबी ठेवले, त्याच वर्षी विंडोज 98 निघाले, आणि जानेवारी 2001 मध्ये लिनक्सच्या 2.4 या गाभ्याने हा करार पूर्णत्वाने कबूल केला. त्यापूर्वी लिनक्स वापरणाऱ्याला एका मजकुराच्या फाइलीत आपल्या माऊसची बोली स्वहस्ते लिहावी लागे, आणि ती चुकली तर चित्रमय पडदा उघडल्यावर बाण जागचा हलत नसे.

2001 सालीच स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी नेला. तालुक्याच्या ठिकाणी, पत्र्याच्या छपराखाली, वयाची पन्नाशी गाठलेले तलाठी आणि शिक्षक माऊस हातात धरायला शिकले ते या वर्गांत; माऊस टेबलाच्या कडेला पोहोचला की तो उचलून पुन्हा मध्ये ठेवावा, हे ज्ञान त्यांना कोणत्याही संहितेत सापडले नसते. एव्हाना माऊस कोणत्या कंपनीचा आहे हे विचारण्याची गरज उरली नव्हती.

आता तारेच्या त्यागाकडे वळू. 1981 साली स्वित्झर्लंडमधील आप्ल या खेड्यात स्थापन झालेल्या लॉजिटेकने 1984 साली मेटाफर या संगणकासाठी अवरक्त किरणांवर चालणारा बिनतारी माऊस बनवला. परंतु किरण अडला की माऊस मुका होई, आणि टेबलावर चहाचा पेला नेमका मध्ये येण्याची खोड सर्व देशांत सारखीच आहे. 1991 साली त्याच कंपनीने रेडिओलहरींवर चालणारा माऊसमन कॉर्डलेस आणला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. रेडिओलहर म्हटली की सरकार आले. आपल्याकडे 1885 चा तार अधिनियम आणि 1933 चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणेही निषिद्ध ठरवलेले होते. घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून घेणारी पिढी अजून हयात आहे. त्या कायद्याच्या काटेकोर वाचनाने हातातला माऊस हेही एक प्रक्षेपणकेंद्रच होते.

मोहालीला या कायद्याची जाण इतर गावांहून अधिक असली पाहिजे, कारण पंजाब सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पंजाब वायरलेस सिस्टिम्स आणि पंजाब कम्युनिकेशन्स या कंपन्या येथील औद्योगिक वसाहतीत बिनतारी व दूरसंचाराची यंत्रे बनवीत असत. त्या यंत्रांच्या प्रत्येक लहरीला परवान्याची मोहोर लागे. अशा वातावरणात जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने जी अधिसूचना काढली ती मला क्रांतिकारक वाटते. 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्प शक्तीची यंत्रे वापरण्यास परवान्याची अट राहणार नाही, असे तिने जाहीर केले. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा पट्टा 1947 च्या अटलांटिक सिटी परिषदेपासून उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्याकडे लावून दिलेला. मायक्रोवेव्ह भट्टी त्याच पट्ट्यात तापते. परवान्याऐवजी आता यंत्राच्या प्रकाराला एकदाच मान्यता घेतली की पुरे. ईटीए या आद्याक्षरांनी सुरू होणारा मान्यताक्रमांक पुष्कळ खोक्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला आढळतो. वाचकाने कधी भिंग घेऊन तो अवश्य पाहावा. जुन्या तारखात्याच्या दफ्तराचा तो शेवटचा अवशेष आहे. 2023 च्या दूरसंचार अधिनियमाने ते दोन्ही जुने कायदे रद्द करण्याची तरतूद केली.

या मुक्त पट्ट्यात बिनतारी माऊसच्या दोन शाखा झाल्या, आणि वेगवेगळ्या प्रणालींवर माऊस चालवू पाहणाऱ्याने हा भेद मनात पक्का धरला पाहिजे. पहिल्या शाखेत माऊसबरोबर नखाएवढा रिसीव्हर मिळतो, ज्याला बाजारात सगळे डोंगल म्हणतात. माऊस आणि डोंगल यांच्यातली बोली कंपनीची खाजगी असते, परंतु संगणकाशी बोलतो तो डोंगल, आणि तो एचआयडीची सार्वजनिक बोली बोलतो. म्हणून डोंगलवाला माऊस कोणत्याही प्रणालीवर, किंबहुना प्रणाली जागी होण्याआधीही चालतो; संगणकाला त्याचे बिनतारीपण ठाऊकच नसते. या शाखेची व्यथा निराळी. डोंगल यूएसबी 3.0 च्या निळ्या तोंडात किंवा त्याच्या शेजारी बसवला, की बाण अडखळू लागतो, कारण त्या तोंडातून वेगाने जाणारी माहिती नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलने 2012 साली याविषयी स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. वीतभर लांबीच्या जोडतारेने डोंगल बाजूला घेतला की व्याधी दूर होते, आणि दोष मात्र बहुधा कार्यप्रणालीच्या माथी मारलेला असतो. 2016 साली असेही निष्पन्न झाले, की अनेक कंपन्यांच्या डोंगलांना काही पावलांवरून परका माणूस खोट्या वर्द्या पाठवू शकतो. दुरुस्ती निघाली, परंतु ती चढवण्याची साधने आरंभी मुख्यतः विंडोजपुरती होती. लिनक्सवाल्यांना ती सोय मागाहून मिळाली.

दुसरी शाखा ब्लूटूथची. एरिक्सन कंपनीत 1994 च्या सुमारास आरंभ झालेल्या आणि 1998 पासून अनेक कंपन्यांच्या संघाने चालवलेल्या या पद्धतीत डोंगल नाही. संगणकातच रेडिओ आहे. येथे माऊस आणि संगणक यांची पहिली भेट होते, जिला पेअर करणे म्हणतात, तेव्हा दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघेही ती जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत ती किल्ली जुळली तरच दार उघडते. आता एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली नांदत असतील, ज्याला मुले डुअल बूट म्हणतात, तर काय होते ते पाहावे. विंडोजमध्ये माऊस पेअर केला. किल्ली विंडोजच्या नोंदवहीत गेली. संगणक बंद करून लिनक्समध्ये उघडला. रेडिओ तोच, त्याचा क्रमांक तोच, परंतु किल्ली लिनक्सच्या दफ्तरात नाही. म्हणून पुन्हा पेअर केला. माऊसच्या दृष्टीने तो जुनाच संगणक नवी किल्ली मागत आहे, म्हणून तो जुनी फेकून नवी ठेवतो. मालक विंडोजमध्ये परतला की माऊस गप्प. कितीतरी निर्दोष माऊस या कारणाने मोडके समजून परत पाठवले गेले असतील. जाणकार यावर असा इलाज करतात, की शेवटी जेथे पेअर केला त्या प्रणालीतील किल्ली उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या प्रणालीच्या दफ्तरात, जुन्या किल्लीच्या जागी, हाताने नोंदवायची. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीच्या पोटात, ब्लूटूथसेवेच्या खात्याखाली सापडते आणि लिनक्समध्ये ब्लूटूथच्या व्यवस्थापकाच्या साठ्यात, त्या माऊसच्या क्रमांकाने नाव दिलेल्या कप्प्यात. मग दोन्ही दरबारांत एकच किल्ली चालते. हे काम अवघड नाही, परंतु त्यासाठी दोन्ही घरांच्या तिजोऱ्या कोठे आहेत हे ठाऊक हवे, आणि ते ज्ञान आजही करारनाम्यात लिहिलेले नाही. किल्ली संगणकाची मानावी की प्रणालीची, हे कलमच कोणी घातले नाही.

कंपन्यांनी याला वळसा घालणारा उपाय काढला. माऊसच्या पोटाखाली पुन्हा एक बटण आले, जे एक, दोन, तीन असे अंक फिरवते, आणि प्रत्येक अंकाखाली माऊस निराळ्या नावाने वावरून निराळी किल्ली जपतो. 1980 च्या दशकातील 'एमएस' आणि 'पीसी' या अक्षरांचे बटण बोली बदलत असे. हे बटण यजमान बदलते. दरम्यान आज्ञावलीच्या बाजूनेही प्रयत्न चालूच होते: 2001 मध्ये निघालेल्या सिनर्जीने एकाच माऊसचा बाण शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर सरकवला, मग तो विंडोजचा असो वा लिनक्सचा; आणि 2022 मध्ये ॲपलने हीच सोय केवळ आपल्या यंत्रांपुरती दिली.

लिनक्सच्या बाजूची एक हकीकत सांगितल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. 2009 साली लॉजिटेकने एकाच डोंगलला सहा साधने जोडणारा रिसीव्हर काढला, परंतु माऊस त्याला जोडण्याची व काढण्याची साधने विंडोज आणि मॅकपुरतीच दिली. लिनक्सवर बाण हले. मात्र बॅटरी किती उरली, दुसरा माऊस कसा जोडावा, याचे उत्तर नसे. जगभरच्या स्वयंसेवकांनी डोंगलमधून जाणाऱ्या बाइटांचे निरीक्षण करून त्यांचा अर्थ लावला; पुढे कंपनीनेही आपल्या बोलीचे काही दस्तऐवज खुले केले, आणि 2012 च्या आरंभी आलेल्या लिनक्सच्या 3.2 या गाभ्यात त्या रिसीव्हरचा ड्रायव्हर समाविष्ट झाला. सोलार आणि पायपर ही आज लिनक्सवर माऊसची बटणे लावून देणारी साधने त्याच परिश्रमाची फळे आहेत. ज्यांनी हे केले त्यांना मोबदला बहुतांशी मिळाला नाही. त्यांचे ऋण मी उघडपणे मान्य करतो.

जे तहात आले नाही ते आजही भांडणाचे मूळ आहे. पाच बटणांपर्यंत सर्व प्रणालींचे बहुतांशी एकमत आहे. सहाव्या-सातव्या बटणाचा अर्थ प्रत्येक कंपनीची आज्ञावली आपल्यापुरता लावते, आणि ती आज्ञावली बहुधा लिनक्ससाठी निघतच नाही. चाक पुढे ढकलले की पान वर जावे की खाली, यावर 2011 मध्ये ॲपलने लायन या आवृत्तीत पारंपरिक रीत उलटी केली, तेव्हापासून दोन प्रणालींत काम करणाऱ्याचे बोट दिवसातून अनेकदा चुकते. हाताच्या वेगाला बाणाने किती प्रतिसाद द्यावा याचे गणितही तिन्ही घरांत निराळे आहे. हे दोष माऊसचे नव्हेत. ज्या माऊसला बटणांची मांडणी व वेग स्वतःच्या स्मृतीत साठवता येतो, तो कोठेही नेला तरी तेवढ्यापुरता तसाच वागतो. असे माऊस मिळतात, पण निविदा काढणारे त्यांची मागणी करीत नाहीत.

म्हणून सेक्टर 67 मधील असो की महाराष्ट्रातील, प्रत्येक शाळेच्या, महाविद्यालयाच्या आणि सरकारी कचेरीच्या खरेदीविभागाला माझी विनंती आहे. माऊसच्या निविदेत किमतीच्या आणि हमीच्या अटींबरोबर आणखी तीन अटी घालाव्यात: साधन कोणत्याही खास आज्ञावलीवाचून एचआयडीच्या सार्वजनिक करारावर चालले पाहिजे, ब्लूटूथबरोबर डोंगलचाही पर्याय त्यात असला पाहिजे, आणि बटणांची मांडणी व वेग माऊसच्याच स्मृतीत राहिला पाहिजे. पुरवठादाराला नमुना विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही संगणकांवर समक्ष चालवून दाखवायला सांगावे, आणि तिन्हीकडे चालला तरच देयक मंजूर करावे.